होसकोट्यातलं लेथ मशीन

तुरुंगातल्या माणसाला सरकारकडून फुकट वकील मिळतो. त्या वर्षी मी असल्या वकिलांपैकी एक होते. भेटीच्या खोलीत पन्नाशीचा एक माणूस समोर येऊन बसला आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "अक्का, तुम्ही आपल्यातल्याच ना? मग मराठीतच सांगतो."

पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत त्याचं छोटं वर्कशॉप होतं आणि त्यात एकच लेथ मशीन. मारामारीच्या एका प्रकरणात त्याला अटक झाली, जामीन मिळेना. तो आत असताना मेव्हण्यानं ते मशीन उचलून शहराबाहेर होसकोट्याला नेलं, आणि विचारल्यावर "कुठलं मशीन?" म्हणून कानांवर हात ठेवले. याला मेव्हण्यावर दावा लावायचा होता.

असल्या दाव्याला मशीनच्या किमतीप्रमाणे कोर्ट फी भरावी लागते. ती कुठून भरणार? म्हणून मी फी माफ करण्याचा अर्ज केला. माणूस खरंच गरीब आहे का, याची चौकशी करा, असं न्यायाधीशांनी सरकारला सांगितलं.

पुढच्या तारखेला महसूल खात्याचे एक साहेब कोर्टात आले. माझ्या अशिलालाही पोलीस व्हॅनमधून घेऊन आले होते. बोलणं अर्थातच कानडीत चाललं होतं.

"त्यांच्या घरी गेलो, तर कुलूप," साहेब म्हणाले. "अर्जदार चौकशीला सहकार्य करत नाहीत."

"ते तुरुंगात आहेत," न्यायाधीश म्हणाले.

"हो सर. पण तसा निरोप ठेवायला हवा होता."

माझा अशील माझ्याकडे झुकून कुजबुजला, "अक्का, सॉरी म्हणू का त्यांना?"

"गप्प बसा हो," मी म्हणाले.

साहेब पुढे सांगू लागले, "शिवाय त्यांना गरीब म्हणता येत नाही. राहणं फुकट, जेवण फुकट. आणि त्यांच्या मालकीचं एक लेथ मशीन आहे. शेजाऱ्यांनी पत्ता दिला म्हणून होसकोट्याला जाऊन पाहून आलो. सुरू आहे."

"त्यांच्याच मालकीचं कशावरून?" मी शक्य तितक्या शांतपणे विचारलं.

"मेव्हण्यानंच सांगितलं. मला पाहून घाबरला, टॅक्स वसुलीला आलो असं वाटलं त्याला. म्हणाला, माझं काही नाही साहेब, सगळं भावोजींचं आहे."

महिनाभर मी हेच सिद्ध करायला साक्षीदार शोधत होते. सरकारी वकील मात्र खूश होऊन उभे राहिले. "मग मशीन विकून फी भरावी!"

"ते मिळावं म्हणूनच तर दावा आहे," मी म्हणाले. "आणि ज्या वस्तूसाठी भांडण, ती गरिबी ठरवताना धरायची नसते."

न्यायाधीशांनी चष्मा काढून डोळे चोळले. "सरी, सरी," ठीक आहे, असं म्हणाले आणि फी माफ केली.

दावा फार पुढे गेलाच नाही. मेव्हण्याच्या वकिलानं त्याला काय सुनावलं कोण जाणे, पण मशीन टेम्पोतून मुकाट पीण्याला परत आलं.

पुढे जामीनही झाला. एकदा हेब्बाळहून येताना मी वर्कशॉपमध्ये डोकावले, तर लेथवर मेव्हणा काम करत होता. मी बघतच राहिले.

"एवढे महिने चालवलंय, अक्का," माझा अशील थोडा ओशाळून म्हणाला. "हात चांगला बसलाय त्याचा. दुसरा माणूस कुठं शोधत बसू?"