भोंग्याला सगळं आवडू लागलं

इस्त्रीवालीच्या नवऱ्याने लग्न झाल्यापासून चहाला कधी बरं म्हटलं नव्हतं. जरा गोड झाला की ‘पाक केलायस काय?’ आणि अगोड झाला की ‘साखर माहेरी पाठवलीस वाटतं!’ तो शहरात बस चालवायचा. दिवसभर हॉर्न वाजवून त्याचा आवाजही तसाच झाला होता, म्हणून अख्खी गल्ली त्याला भोंगा म्हणायची. भोंगा घरी आला की मांजरसुद्धा अंग चोरून बाहेर पडायचं. बायको मात्र निवांत असायची. ‘गरजेल तो पडेल काय!’ असं म्हणायची आणि पुढच्या शर्टावर पाणी शिंपडायची.

तर हा भोंगा एका सकाळी चहाचा घोट घेऊन म्हणाला, “चांगला झालाय.”

तिला वाटलं टोमणाच आहे. “काय चुकलं ते सरळ सांगा की.”

“अगं, चुकलं कुठे? चांगला झालाय म्हणतोय.”

लेक अभ्यास करता करता हसली. “आई, आज सूर्य कुठून उगवलाय बघ जरा.” तीही हसली. त्या दिवशी घरात तेवढाच विनोद झाला.

दुसऱ्या दिवशी तो अंगणातल्या लिंबाच्या झाडाशी उभा राहिला. काटे लागतात म्हणून हे झाड तोडायचं, असं तो वर्षानुवर्षं म्हणत आला होता. आता एक पान हातात धरून तो उन्हात उलटंपालटं करून बघत होता. नंतर लेकीला म्हणाला, “तुझ्या हनुवटीवर तीळ आहे, मला माहीतच नव्हतं.” मग एका पहाटे इस्त्रीवालीला जाग आली, तर हा उशीवर कोपर टेकून तिच्याकडे एकटक बघत होता.

“काय हो? काय झालं?”

“काही नाही. झोप.”

तिला कसली झोप येतेय! बाहेर चिमण्या किलबिलायला लागल्या होत्या. तो हळूच म्हणाला, “किती छान आहे नाही हे सगळं? हे घर, तुम्ही दोघी, हा गलका...” सुखाचं बोलणं ऐकून कुणी घाबरतं का? ती घाबरली.

नणंद तिच्या इस्त्रीच्या दुकानात कपडे न्यायला आली, तेव्हा तिने हे काढलं. नणंद शेजारच्याच गल्लीत राहायची. ती ऐकून म्हणाली, “वहिनी, राग मानू नका. माझे सासरे गेले ना, त्याआधी महिनाभर असंच चाललं होतं त्यांचं. भाजी छान, सून छान, पाऊस छान. दिवा विझायच्या आधी मोठा होतो म्हणतात.”

“काहीतरी बोलू नका हो!” ती म्हणाली. पण शब्द मनात जाऊन बसला आणि उठेना.

त्यानंतर ती नवऱ्यावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवू लागली. तो जेवताना शेजारचा ग्लास हमखास लवंडायचा. जिना उतरताना भिंतीवरून हात फिरवत उतरायचा. लेक डावीकडे बसली तर तिला समोर येऊन बसायला सांगायचा. एकदा त्याने दुकानात बसल्या बसल्या तिला म्हटलं, “माझं काही झालं तरी हे दुकान बंद करू नकोस हं. तुझा जीव रमतो इथे.” माझं काही झालं तरी! तिच्या हातातली इस्त्री एका जागी थांबली आणि कुणाच्या तरी पांढऱ्या उशीच्या अभ्र्यावर तपकिरी डाग उमटला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

सगळ्यात वाईट गोष्ट तिला कपड्यांनी सांगितली. नवऱ्याचा खाकी गणवेश तिच्याच हातून जायचा. गरम इस्त्री फिरली की त्यातून डिझेलचा आणि घामाचा वास उठायचा. ती नाक मुरडायची, पण तो वास म्हणजे नवरा कामावर जाऊन सुखरूप परत आला असं समजायची. आता वास यायचा फिनाइलचा. पँटच्या पायांना साबणाच्या पाण्याचे डाग असायचे. बसच्या सीटवर बसणाऱ्याचे पाय भिजतात कशाला? हा रोज जातो तरी कुठे? हॉस्पिटलमध्ये? ती विचारायला तोंड उघडायची आणि मिटायची. विचारलं तर खरं उत्तर मिळेल, याचीच भीती.

एके दिवशी तो डबा घरी विसरला. तिने दुकानाचं दार ओढलं आणि त्याच्या बसच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. बस आली. ती पुढच्या दाराने चढली आणि डबा पुढे केला. स्टिअरिंगवर भलताच माणूस बसला होता.

मागून कंडक्टर आला. तो भोंग्याचा जुना जोडीदार, घरी येऊन जेवून गेलेला. तिला बघून त्याचा चेहरा उतरला.

“भाऊजी, हे कुठे आहेत?”

“तुम्हाला सांगितलं नाही त्याने?” कंडक्टर खिडकीबाहेर बघत म्हणाला. “वहिनी, शेवटच्या थांब्यापर्यंत चला. डेपोत आहे तो. मी काही बोलणार नाही, त्याने मला शपथ घातलीय.”

सगळा रस्ता ती डबा मांडीवर घेऊन बसली. रस्त्यावर लख्ख ऊन होतं. लोक भाजी निवडत होते, पोरं शाळेतून घरी चालली होती, एका गॅलरीत कुणी चादर झटकत होतं. सगळं इतकं रोजच्यासारखं होतं की तिला धडकी भरली.

डेपोच्या मागच्या बाजूला बस धुवायची जागा होती. तिथे भोंगा हातात पाण्याचा पाइप घेऊन उभा होता आणि दुसऱ्या हाताने बसचा पत्रा चाचपत चालला होता. जिथे हात जाई, तिथे पाणी जाई. ती त्याच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली, अगदी हाताच्या अंतरावर. तो तसाच धूत राहिला. तिने हात हलवला. काही नाही. तिच्या पायांवर पाणी उडालं तरी त्याचं लक्ष नाही.

“अहो,” ती म्हणाली.

तो दचकला. मान पूर्ण वळवली, तेव्हा ती त्याला दिसली.

मग त्याने नळ बंद केला आणि पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसून सगळं सांगितलं. मंडईच्या वळणावर बस वळवताना प्रवासी एकदम किंचाळले. त्याने ब्रेक दाबला. सायकलवरची एक बाई, मागे बांधलेलं लेकरू, बसच्या पत्र्याला टेकली होती. खरचटलंसुद्धा नाही. पण ती त्याला दिसलीच नव्हती. तो तिथेच उतरला, किल्ली कंडक्टरच्या हातात दिली आणि पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही.

“डॉक्टर म्हणाले काचबिंदू. कडेकडेचं गेलंय, ते परत येत नाही. थेंब घालतोय. मधलं राहील की तेही जाईल, ते आत्ता सांगता येत नाही म्हणे.”

“आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत?”

“काय सांगू? आयुष्यभर समोरच्या काचेतून रस्ता बघितला. घरातलं काही धड बघितलंच नाही गं मी. म्हटलं, आहे तोवर पोटभर बघून घ्यावं. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही रडके चेहरे केले असते. मला ते नको होते बघायला.”

तिला हसावं की रडावं कळेना. “मरायला टेकल्यासारखं गोड बोलत होतात! मी मनातल्या मनात तुमचं काय काय करून बसले ठाऊक आहे?” ती त्याच्यावर एवढी ओरडली की पलीकडच्या ड्रायव्हरांनी माना वर केल्या. त्या दिवशी डेपोत खरा भोंगा कोण, यावर म्हणे बरीच चर्चा झाली. मग तिने डबा उघडला. दोघांनी तिथेच कट्ट्यावर बसून त्यातलंच खाल्लं.

डोळ्यांत थेंब घालायचं काम तिने स्वतःकडे घेतलं. लेकीला सगळं सांगितलं. लेक रडली, पण न्हाणीघरात, नळ सोडून. वर्षभर बरं चाललं. पुढे बस धुणंही जमेना, तेव्हा तो तिच्या दुकानात बसू लागला. इस्त्री झालेल्या कपड्यांच्या घड्या हाताने चाचपून करायचा, बऱ्याच वेड्यावाकड्या. ती त्या गुपचूप मोडून परत घालायची.

एका रविवारी लेक त्या दोघांना गावाबाहेरच्या तळ्यावर घेऊन गेली. तो मान सावकाश फिरवत राहिला. एका वेळी थाळीएवढंच पाणी नजरेत यायचं, असं तुकड्यातुकड्याने त्याने अख्खं तळं बघितलं. काठावर बदकं होती. लेक पाण्यात पाय सोडून बसली होती. वारा अंगाला बरा वाटत होता.

“मजा आली,” तो म्हणाला. “किती जवळ होतं हे. कधी आलोच नाही आपण.” मग जरा थांबून त्याने विचारलं, “संध्याकाळ झाली का गं?”

सूर्य अजून झाडांच्या बराच वर होता. तळं नुसतं झळाळत होतं. तिने लेकीकडे बघितलं. लेकीने पाय वर घेतले.

“हो,” इस्त्रीवाली म्हणाली, “होत आलीय.”

तिने त्याचा हात हातात घेतला आणि खरोखरीची संध्याकाळ होईपर्यंत ती तिघं तिथेच बसून राहिली.