साहेबांची अब्रू लातूरला गेली

कोर्टाची एक तारीख म्हणजे एक किस्सा. न्यायाधीश रजेवर असले तरी मिळतोच. उलट तेव्हा जास्त मिळतात, कारण दिवसभर टपरीवर चहा पीत बसण्याशिवाय काम नसतं. सांगायला लागलो की लोक पोट धरून हसतात. हसा! सांगताना माझं मात्र डोकं फिरतं.

आमची टोळी तिघांची. संगीता आत्या अंगणवाडी सेविका, कांबळे गुरुजी रिटायर्ड हेडमास्तर. दोघांवरही एकाच साहेबांनी बदनामीचा खटला टाकलाय. तिसरा मी, यांचा ड्रायव्हर. विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला होतो, दिलं सोडून, आता क्रूझर चालवतो. साहेब कोणत्या पक्षाचे ते विचारू नका. रोज सकाळी उठल्यावर त्यांनाही आठवावं लागतं!

*

सुरुवात नारळापासून झाली.

इस्लापूरच्या अलीकडं आमचं गाव. तिथं पाण्याची टाकी बांधायची ठरली. साहेब आले, नारळ फोडला, भूमिपूजन. टाकी उभी राहिली. दुसरा नारळ, लोकार्पण. मग निवडणूक आली, टाकीला नवा रंग फासला, तिसरा नारळ, पुन्हा लोकार्पण! नळाला थेंब नाही.

तिसऱ्या नारळाला साहेब माईकवर म्हणाले, "माता-भगिनींना काही बोलायचं असेल तर मोकळेपणानं बोला." असं विचारायची पद्धत असते, बोलायची नसते. गावातले झाडून सगळे म्हातारे चपलेकडं बघत बसलेले.

आत्या उठली. "साहेब, या टाकीला पाण्यापेक्षा नारळाचंच पाणी लई भेटलं!"

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. माझा मोबाईल चालूच होता. संध्याकाळपर्यंत व्हिडिओ जिल्हाभर.

*

नोटीस आली. 'आमचे अशील निष्कलंक असून' वगैरे. पाठोपाठ खटला, तोही लातूरच्या कोर्टात.

मी आमच्या वकील शेख मॅडमला विचारलं, "मॅडम, गाव नांदेड जिल्ह्यात, टाकी नांदेड जिल्ह्यात, साहेबांचा बंगलाही नांदेडात. मग लातूर कशाला?"

"त्यांनी व्हिडिओ लातूरला त्यांच्या डाळमिलवर बसून पाहिला म्हणे. म्हणजे अब्रू तिथं गेली."

खरं कारण शेंबडं पोरही सांगेल. बाईला हेलपाटे घालायला लावायचे, एसटीत हाडं खिळखिळी करायची, म्हणजे आपोआप पाय धरते. आत्या मात्र शांत.

"बरं झालं बाई, दुबईला बसून न्हाई पाह्यला!"

*

आता आमचे अण्णा. माझे वडील, आत्याचे सख्खे थोरले भाऊ आणि साहेबांचे जुने कार्यकर्ते. तिन्ही नारळ त्यांनीच पिशवीतून नेले होते! घरात देवाच्या फोटोशेजारी साहेबांचा फोटो, आणि हार आधी कुणाला, तर साहेबांना.

"मोठ्या मान्साच्या तोंडी लागू न्हाई, संगे," ते रोज म्हणायचे. "सजा झाली तर नोकरी जाईल तुजी. पोरीचं काय करशील?"

आत्याला नवरा नाही. पोरगी लातूरलाच डॉक्टरकीच्या क्लासला. सेविकेची नोकरी गेली की पोरगी परत गावात, मग तिचंही लग्न लावून मोकळे. अण्णांचं म्हणणं खरं होतं, म्हणून तर जास्त चीड यायची. या पिढीनं भीतीला समजूतदारपणा असं नाव ठेवलंय आणि त्याच नावाचे सत्कार घेत फिरतात.

"आन् पाण्याचं काय करू, दादा?" आत्या विचारायची.

"पाणी येतंय-जातंय."

"येतंय कवा?"

अण्णा उठून बाहेर जायचे.

*

कांबळे गुरुजींचा गुन्हा तर आणखी भारी. गावच्या शाळेचे पत्रे फुटलेले. अर्ज करून करून दमले, शेवटी शाळेतल्या मास्तरांनी साहेबांच्या वाढदिवसाचा जुना फ्लेक्स पत्र्यांवर अंथरला. फ्लेक्स मजबूत, पाणी थांबलं. गुरुजींनी त्याचा फोटो काढून फेसबुकवर टाकला आणि खाली लिहिलं, 'साहेबांचं शाळेवर लक्ष आहे.'

झालं! प्रतिमेचा अवमान. चार कार्यकर्ते फ्लेक्स काढायला शाळेवर चढले.

खालून गुरुजी म्हणाले, "काढा की. पण पाऊस आला तर लेकरांवर तुम्ही आडवे पडणार का?"

पोरांनी वरूनच फोन लावला, विचारविनिमय केला आणि फ्लेक्स उलटा करून परत अंथरला. आता साहेबांच्या तोंडावर पाऊस पडत नाही. फुटक्या पत्र्यातून त्यांचा एक डोळा थेट चौथीच्या वर्गात बघतो. लेकरं घाबरून पाढे म्हणतात!

गुरुजी म्हणतात, "मी लिहिलेलं खरंच झालं. आता बदनामी कशाची?"

*

मध्येच तडजोडीची टूम निघाली. अण्णा आणि गावातले दोन शहाणे आत्याला साहेबांच्या नांदेडच्या बंगल्यावर घेऊन गेले. गाडी माझीच. साहेब झोपाळ्यावर. पीएनं कागद पुढं केला: 'टाकीत पाणी आहे, मी खोटे बोलले, माफी मागते.' व्हिडिओ काढायलाही पोरगा तयार.

"वाचा, ताई," साहेब गोड आवाजात म्हणाले. "मी लगेच केस काढून घेतो. तुम्ही मला बहिणीसारख्या."

मला वाटलं, आता आत्या वाचणार. पोरीचा विचार करून वाचणार. तिनं कागद हातात घेतलाही.

"म्हन्ते की, साहेब. त्या टाकीतून एक घागर भरून आणा. डोक्यावर घेऊन म्हन्ते."

झोपाळा थांबला. परतीच्या वाटेवर त्या दोन शहाण्यांनी आत्यालाच झापलं. तिची अक्कल काढली, बाईची जात काढली. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. सख्खा भाऊ!

*

मग साक्षीची वेळ आली. शेख मॅडमनी टपरीवर समजावून सांगितलं, "साहेबांना नुसतं 'बदनामी झाली' म्हणून भागत नाही. एखादा माणूस आणून शपथेवर सांगायला लावावं लागेल, की हे ऐकून साहेब माझ्या नजरेतून उतरले."

आणि इथंच घोडं अडलं. साहेबांच्या तोंडावर असं म्हणणार कोण? पंचायत समितीचं तिकीट कुणाला नकोय? एकाचं बीपी वाढलं, एकाच्या मेव्हण्याचं लग्न निघालं, एक तर थेट तिरुपतीलाच पळाला.

शेवटी साहेबांनी भरवशाचा माणूस निवडला. आमचे अण्णा!

मी घरात बोलणं बंद केलं. तारखेला अण्णा साहेबांच्या गाडीतून एसीत बसून लातूरला आले. मी आत्याला आणि गुरुजींना घेऊन क्रूझरनं. आत्या एवढंच म्हणाली, "दादाला बीपीची गोळी दिली का रे कुनी?"

अण्णा पिंजऱ्यात उभे राहिले. शपथ घेतली. साहेबांच्या वकिलानं विचारलं, "तो व्हिडिओ पाहिल्यावर साहेबांबद्दल तुमचं मत काय झालं?"

अण्णांनी साहेबांकडं बघून हात जोडले. "काईच न्हाई झालं."

"नीट आठवून सांगा. तुमच्या नजरेत साहेबांची किंमत कमी झाली ना?"

"तसूभर न्हाई!"

साहेब बाकावरून हातानं खुणावू लागले, म्हण, म्हण! अण्णांनी हात आणखी वर नेले.

"साहेब खुणा करून राहिले तरी मी न्हाई म्हन्नार, जजसाहेब! टाकी बांधली तवा साहेब माझ्या नजरंत जिथं व्हते, आजबी तिथंच हायेत. मी येकटा न्हाई, सारं गाव असंच म्हन्तंय!"

जजसाहेबांनी चष्मा काढून पुसला. शेख मॅडम अर्ध्या उठल्या, "उलटतपास नाही," म्हणाल्या आणि बसल्या.

बाहेर आलो तर साहेबांची गाडी निघून गेलेली. अण्णा क्रूझरमध्ये पुढच्या सीटवर येऊन बसले होते, मांडीवर आत्याचा डबा उघडून.

मी म्हणालो, "अण्णा, तुम्ही हे मुद्दाम..."

"गाडी काढ," अण्णा म्हणाले. "संगे, ठेचा न्हाई आनला का?"