दादासाठी संथ

हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये, स्वयंपाकघराच्या सारख्या उघडझाप करणाऱ्या दाराशेजारी, दोघे भाऊ वाजवायला बसत. थोरला ड्रमवर, धाकटा क्लॅरिनेटवर. धाकट्याला सगळे सुसाट म्हणत. त्याची बोटं वाद्यावर अशी पळायची की वेटर हातातल्या बशा विसरून उभे राहायचे आणि मॅनेजर त्यांच्यावर डोळे वटारायचा.

पन्नाशी उलटल्यावर थोरल्याची, म्हणजे दादाची, मनगटं आखडू लागली. जलद चाल आली की त्याचा ठोका मागे पडायचा. एकदा भर हॉलमध्ये तो चुकला, कुणीतरी फिदीफिदी हसलं, आणि दादाचा चेहरा उतरला. वडील गेल्यावर सुसाटला वाढवलं ते दादानंच. पहिलं वाद्यही त्यानंच हातात दिलं. त्या फजितीच्या दुसऱ्या दिवसापासून सुसाटनं जलद चाली काढूनच टाकल्या. एकेक सूर लांबवायचा, मध्ये थांबायचा, दादाला उसंत द्यायचा. दादाला मात्र यातलं काही बोलला नाही. कोणत्या तोंडानं बोलणार?

गंमत म्हणजे लोकांना हेच जास्त आवडलं. "आता याचं वाजवणं मुरलं," असं जो तो म्हणू लागला. एकदा रेडिओवरच्या बाई मुलाखतीला आल्या. दादा शेजारीच बसला होता.

"तुम्ही वाजवण्याची पद्धत एवढी का बदललीत?" बाईंनी विचारलं.

सुसाटनं घसा खाकरला. "वय झालं की माणूस शांत होतो, बाई."

"शांत कसला! दम गेलाय त्याचा," दादा हसत म्हणाला. "म्हणून तर मी ठेका संथ केला. धाकटा भाऊ आहे, सांभाळून घ्यायला नको?"

बाई हसल्या. सुसाटही हसला. मुलाखत रेडिओवर लागली तेव्हा घरी बायको फणकारली, "भाऊजी चारचौघांत तुमची लाज काढतात आणि तुम्ही दात काढता!"

"म्हणू दे गं. माझं काय जातंय?"

खरंच त्याला तसं वाटत होतं. वेग काय, घडी घालून कपाटात ठेवलाय; हवा तेव्हा काढता येईल. घरी सरावही तो संथच करायचा. दादा वरच्याच मजल्यावर राहायचा, त्याला ऐकू गेलं असतं.

अशी बरीच वर्षं सरली. शेवटी दादानं स्वतःहूनच काड्या खाली ठेवल्या आणि त्याच्या जागी त्याची मुलगी आली. हात थेट बापाच्या तरुणपणचा. पहिल्या दिवशी दादा आणि वहिनी अगदी पुढच्या टेबलावर येऊन बसले.

"काका, जोरात सुरू करू? बाबांच्या जुन्या टेपवर आहे तसं?" पुतणीनं विचारलं.

सुसाटच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "हाण!" तो म्हणाला.

पुतणी सुटली. पहिली ओळ त्यानं पकडली. दुसरीला करंगळी उशिरा पडली. तिसरीला सगळीच बोटं एकमेकांत अडखळली आणि वाद्यातून चिरका आवाज निघाला. दर ओळीच्या शेवटी त्याचा श्वास आपोआप थांबत होता, दादा मागून येईपर्यंत थांबायचा तसा. पुतणीनं एकवार त्याच्याकडे पाहिलं आणि गुपचूप ठेका संथ केला.

"मी फार पळाले का हो, काका?" वाजवणं संपल्यावर तिनं हळूच विचारलं.

"नाही गं. तू बरोबर होतीस."

तेवढ्यात दादा आला आणि त्यानं सुसाटच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता, माया होती. सुसाटला तीच जास्त लागली.

"बघ, मी म्हणत नव्हतो? वाईट वाटून घेऊ नकोस. इतकी वर्षं मी तुला जपलं, आता पोरीला सांगतो."

खरं काय ते सांगायला सुसाटनं तोंड उघडलं. पण आता ते कुणाला पटणार? फजिती झाली म्हणून सबब सांगतोय, असंच वहिनीही म्हणाली असती. आणि त्याचं त्यालाही आता नीट सांगता आलं नसतं, की त्यातलं दादासाठी किती होतं आणि संथ वाजवून मिळालेली शाबासकी गोड लागली म्हणून किती. घरी खिडक्या लावून कधीतरी, निदान एकदा, जोरात वाजवून बघायला हवं होतं.

"सांग तिला, दादा," तो म्हणाला आणि मान खाली घालून वाद्य पुसू लागला.