मामांची शिफ्ट

झोपेचा जेवढा छळ आमच्या सासऱ्यांनी केला, तेवढा अख्ख्या माजलगाव तालुक्यात कुणी केला नसेल. मी त्यांना मामा म्हणते. साखर कारखान्यात रसाची साखर करणाऱ्या मोठ्या भांड्यावर, म्हणजे पॅनवर, त्यांची हयात गेली. रिटायर होऊन बारा वर्षं झाली, पण शिफ्ट सुटली नाही. या आठवड्यात पहाटे चारची, पुढच्यात दुपारी बाराची, मग रात्री आठची. त्याप्रमाणे ते उठणार, जेवणार, आणि भाकरी थापायला मी हजर! नवरा केजला नोकरीला. सुट्टीला येतो आणि म्हणतो, "बाबा झकास आहेत की!" आहेत बाबा, माझ्याकडे बघ जरा.

डोकं तल्लख होतं. खोकल्याचं औषध आणलं तरी अंगठा आणि बोटात चोळून निकाल देणार, "पाक कच्चा हाय. परत कर." यंदा मात्र विसरायला लागले. चष्मा, औषध, एकदा तर माझं नाव. डॉक्टर म्हणाले, झोपेची वेळ मोडली की या वयात डोकंही दमतं. दिवसा जागं ठेवा. त्यांनी वार विचारला तर मामा म्हणतात, "शिफ्ट कोणती हाय ते सांगा, मंग वार सांगतो." डॉक्टर हसले. मी काय हसणार? जागं ठेवायचं मलाच होतं. डुलकी लागली की मी शेंगा फोडायला द्यायचे. "कावून छळतीस गं माय?" म्हणत ते फोडायचे, आणि शेजारी मीच पेंगायचे. मग तेच मला हलवून उठवायचे.

परवा दुपारी मात्र गंमत संपली. दोन दिवस त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, म्हणून माझ्याही. मी दूध तापत ठेवलेलं, तर मामा गॅसपाशी येऊन उभे राहिले ते हलेचनात. म्हटलं, "मामा, झोपा आता. डॉक्टर गेले उडत."

"बदलीवाला आला न्हाई अजून. पॅन सोडून कसं जाऊ?"

कारखान्यात पुढच्या शिफ्टचा माणूस आल्याशिवाय जागा सोडत नाहीत. समोर मी आहे हे त्यांना कळतच नव्हतं. गॅस बंद करून म्हटलं, "मीच बदलीवाला. जावा तुमी."

"साखरेचा दाणा बरा पडलाय. आच वाढवू नको," असं बजावून ते निघाले. मी धरून पलंगावर निजवलं. डोळे मिटले, पुन्हा उघडले, माझ्याकडे निरखून पाहिलं.

"लई जागरण झालेलं दिसतंय तुझं. तुझा बदलीवाला कवा येणार?"

"येईल की," म्हटलं. ते घोरायला लागले. इतक्या दिवसांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं ते मला न ओळखता. मी त्यांच्या पायथ्याशी फरशीवरच आडवी झाले. आधी रडू आलं, मग झोप लागली.