ओट्याच्या दगडाला शोभेल असा रंग

बातमी इराताईच्या फोनवरून कळली. मी कॉलेजच्या वाचनालयात होते. पहिल्यांदा फोन कापला, तिने लगेच पुन्हा लावला, म्हणून जिन्यात जाऊन घेतला. "मावशी गेली गं," एवढंच म्हणाली. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. नलिनीकाकू रात्री झोपल्या त्या सकाळी उठल्याच नाहीत. त्यांच्याबद्दल लिहायचं तर खरं लिहायला हवं, त्यांना गुळमुळीत बोललेलं आवडत नसे, म्हणून सांगते... रडू नंतर आलं. जिन्यात उभी असताना आधी मनात आलं ते हे, की हिला माझ्याआधी कळलं.

काकू माझ्या नात्यातल्या नव्हत्या. माझे बाबा इथे दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका अतिथिगृहात स्वयंपाकी आहेत. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या काकू दर रविवारी काकांबरोबर तिथे थालीपीठ खायला यायच्या, आणि काका गेल्यावर एकट्या येऊ लागल्या. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. घर एका खोलीचं, त्यात टीव्ही आणि दोन धाकटी भावंडं. बाबा एकदा बोलता बोलता म्हणाले असतील की पोरीला वाचायला जागा नाही. काकूंनी उपकाराचा आव आणला नाही. म्हणाल्या, "शनिवार-रविवार माझ्याकडे पाठवा. मला घरात कुणीतरी मराठीत भांडायला हवंय."

मयूर विहारच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये हॉलमध्ये चांगलं टेबल होतं. तरी मी बसायचे स्वयंपाकघरात, उंच स्टुलावर, ओट्याच्या टोकाशी पुस्तकं मांडून. मे महिन्यातही तो दगड कोपराला गार लागायचा. काकू एका बाजूला कांदा चिरायच्या, दुसऱ्या बाजूला मी राज्यशास्त्राच्या नोट्स काढायचे. दगड होता लालसर तपकिरी, त्यावर काळे-करडे ठिपके. फ्लॅटच्या आधीच्या मालकाने बसवलेला. काकूंना तो मुळीच आवडला नव्हता. मसूर उतू गेल्यासारखा दिसतो म्हणायच्या. पण ओटा फोडायचा म्हणजे धूळ, गवंडी आणि खर्च. तेव्हा दगड राहणार हे ठरलेलंच होतं, भिंतीलाच त्याच्याशी जुळवून घ्यायचं होतं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्यांनी स्वयंपाकघर रंगवायला काढलं आणि इराताई आली. ती काकूंची सख्खी भाची. पुण्याची, गुरुग्रामला आयटीत. त्याआधीही यायची, पण कधीतरी, जेवून जाण्यापुरती. आता दर शनिवारी यायला लागली, म्हणजे माझ्या शनिवारी. येताना पर्स दगडावर टाकायची, अगदी माझ्या वहीला खेटून, आणि फ्रिज उघडून "मावशी, काय आहे गं?" असं विचारायची. मी त्या घरात इतके दिवस येत होते, पण न विचारता फ्रिज मी कधी उघडला नाही. तिने मोबाइलवर भिंतीचा फोटो काढला आणि बोटाने त्यावर रंग बदलून दाखवू लागली. करडा, निळसर करडा, मग आणखी एक करडा. तिच्या सोसायटीत म्हणे सगळ्यांकडे तेच होते.

काकूंची पद्धत वेगळी. दुकानातल्या शेड कार्डावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्यांनी छोटे डबे आणले, दिवाळीच्या मिठाईच्या रिकाम्या खोक्यांच्या झाकणांवर एकेक रंग लावला आणि झाकणं ओट्यावर भिंतीला टेकवून उभी केली. मग ओलं फडकं घेऊन दगड पुसला. दगड एकदम गडद झाला, आतला लाल रंग वर आला. "आता बघा," त्या म्हणाल्या. "स्वयंपाकघरातला दगड कधी कोरडा असतो का? ओल्या दगडाशेजारी जो टिकेल तो आपला." सकाळी बघायचं, ट्यूबलाइट लावून बघायचं, कुकर झाल्यावर वाफेत बघायचं. रंगारी ताटकळून गेला. म्हणाला, "मॅडम, दीवार है, साडी थोडी है." काकू म्हणाल्या, "भैया, साडी असती तर बदलली असती."

मग त्यांनी मला विचारलं, मनीषा, तुला काय वाटतं? माझ्या घरी भिंतींना सरकारी क्वार्टरचा चुना. कुठला रंग हवा हे मला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, ताकात चिमूटभर हळद टाकल्यावर होतो तसला. "म्हणजे कढीचा," काकू म्हणाल्या आणि खरंच तसा कालवून एका झाकणावर लावला. इराताई हसली. वाईट नव्हती हसली, पण म्हणाली, "स्वीट आहे गं, पण यार, हे थोडं गावाकडचं वाटतं." भिंतीला निळसर करडा लागला. माझं झाकण माळ्यावर गेलं. परत जाताना मेट्रोत मी काचेत स्वतःलाच सांगत होते की भिंत त्यांची, भाची त्यांची, तुझं काय त्यात. पण पुढचे कितीतरी शनिवार मी भिंतीकडे न बघता अभ्यास केला. भिंतीला पाठ करून बसता येत नव्हतं, म्हणून स्टूल थोडं तिरकं करायचे.

फेब्रुवारीत हवा निवळली. दिल्लीत राहणाऱ्यांना मी काय सांगणार, नोव्हेंबरभर इथे उजेडसुद्धा गाळ ढवळलेल्या पाण्यासारखा असतो. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मी स्वयंपाकघरात शिरले तर खिडकीतून लख्ख ऊन आलं होतं आणि लाल दगडाशेजारी ती करडी भिंत चक्क जांभळी दिसत होती. वांग्यासारखी. मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी पाणी प्यायले. काकूंच्या नजरेतून ते सुटलं नाही. त्यांनी मला माळ्यावर चढवून माझं झाकण काढायला लावलं आणि उन्हात दगडावर उभं केलं. कढी हिरवट दिसत होती. नासलेली. आम्ही दोघी इतक्या हसलो की काकूंना खाली बसावं लागलं. "धुराच्या दिवसांत रंग निवडला, चूक आपली सगळ्यांचीच," त्या म्हणाल्या. "आता पुढच्या फेब्रुवारीत. तू आणि मी, दोघीच ठरवू. इराला सांगू नकोस."

ते वाक्य मी महिनोन्महिने जपलं. परीक्षेत, गर्दीत, घरी भावंडांच्या गोंगाटात. इराताई आली आणि फ्रिज उघडला तरी मला पूर्वीइतकं लागायचं नाही. माझ्याकडे फेब्रुवारी होता.

तेराव्यानंतर इराताईने मला फ्लॅटवर बोलावलं. माझी पुस्तकं तिथेच होती. तेरा दिवस लोक तिलाच भेटून गेले होते, तिच्याच पाठीवरून हात फिरवून गेले होते. मला कुणी भेटायला येणार नव्हतं, ते बरोबरच होतं, आणि तरी... मी पुस्तकं पिशवीत भरत होते. ती म्हणाली, फ्लॅट भाड्याने द्यायचा ठरतोय, प्रॉपर्टी डीलर म्हणतो सगळीकडे पांढरा मारून टाका, याच आठवड्यात. मग त्या करड्या भिंतीकडे बघत म्हणाली, "मावशी मला म्हणाली होती, फेब्रुवारीत आपण दोघीच रंग ठरवू. मनीषाला सांगू नकोस, तिला वाईट वाटेल."

मी पिशवी खाली ठेवली. काकूंवर मला त्या वेळी जेवढा राग आला तेवढा त्या असताना कधी आला नव्हता. मला वाटलं होतं ते फक्त माझं आहे. मी म्हटलं, "मला पण हेच म्हणाल्या होत्या." इराताई माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला ओळखता आलं, कारण ते माझ्या ओळखीचंच होतं. मग ती म्हणाली, "टिपिकल मावशी." आणि रडायला लागली.

बाहेर चारच्या सुमाराला तोच गढूळ उजेड. डीलरचा फोन आला. मी तिला म्हटलं, "आत्ता नको, इराताई. या हवेत पांढरासुद्धा कळत नाही. फेब्रुवारीत बघू." तिने फोन उचलला, हिंदीत त्याला सांगितलं की अभी रुकिए, आणि ठेवून दिला.

मला दगड ओला करून बघायचा होता. नळाशेजारी खिळ्याला काकूंचं फडकं अजून तसंच टांगलेलं होतं, वाळून कडक झालेलं. मी हात पुढे केला तोवर तिने ते काढून घेतलं, भिजवलं, आणि काकू पुसायच्या तसा ओटा या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसला. दगडातला लाल वर आला. आम्ही दोघी बघत राहिलो. फडकं तिने माझ्याआधी उचललं, याचं मला अजूनही वाईट वाटतं.