न विचारायचे पैसे

लग्नानंतरची सतरा-अठरा वर्षं आमच्या घराचं एटीएम कार्ड माझ्या पर्समध्ये होतं. आमचे हे फौजेत. कधी जम्मू, कधी राजस्थान, मध्ये बरीच वर्षं आसाम. पगार सांगलीच्या बँकेत जमा व्हायचा, खातं दोघांच्या नावावर, आणि व्यवहार सगळा माझा. सातारा-सांगलीकडच्या फौजींच्या घरांत हीच रीत आहे. गडी तिकडं बंदूक सांभाळणार, बाई इकडं कार्ड सांभाळणार. विश्रामबागेतला प्लॉट मी बघितला, गवंड्याशी भांडले मी, स्लॅब पडला त्या दिवशी डोक्याला टॉवेल गुंडाळून उन्हात उभी राहिले तीही मीच. हे फोनवर एवढंच विचारायचे, "झालं का?" मी म्हणायचे, "झालं." संपला विषय.

मग हे हवालदार म्हणून रिटायर झाले आणि ट्रंक घेऊन घरी आले. मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू. पहिल्याच आठवड्यात सकाळी चहा घेता घेता म्हणाले, "आता मी हाय की. तू कशाला बँकेच्या फेऱ्या मारतीस? आण ते कार्ड हिकडं." प्रेमानंच म्हणाले, उगाच खोटं कशाला बोलू. मीही भाबडी. कार्ड काढून दिलं, वर आणखी अर्धा कप चहा ओतला. त्याच दुपारी हे बँकेत गेले आणि खात्याला जोडलेला माझा मोबाइल नंबर काढून स्वतःचा घालून आले.

तेव्हापासून माझं मागणं सुरू झालं. भाजीला पैसे द्या, पोळीवालीला द्या, गॅस आलाय. नाही असं हे कधीच म्हणाले नाहीत. कंजूष माणूस नाही आमचा. पण पैसे हातात पडायच्या आधी एक शब्द यायचा: कशाला. नारळ आणायचाय. "कशाला? परवाच आणला की." भाचीच्या बारशाला जायचंय. "कशाला एवढं? पाकीट दिलं तरी चालतंय." ह्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला कळत होतं. युनिटमध्ये स्टोअर सांभाळलेला माणूस, पेन्सिल दिली तरी सही घेणारा. पण मी काय स्टोअरमध्ये उभी होते? स्वतःच्या घरात उभी होते, तेही मी बांधून घेतलेल्या. मी गल्लीतल्या बायकांची भिशी सोडली. दुकानात एखादं पातळ आवडलं तरी घडी घालून परत द्यायला लागले. घरी येऊन त्या पातळाचं कारण कोण देत बसणार?

रिटायरमेंटच्या पैशातून ह्यांनी पांढरी गाडी घेतली. दारात कव्हर घालून ठेवायची, रविवारी पुसायची, परत कव्हर. एके दिवशी मी म्हटलं, "मला गाडी शिकायचीय. क्लासची फी भरू या."

हे हसायला लागले. "तुला कुठं जायचंय? मी हाय की सोडायला."

त्या हसण्यानं माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. गाडीचं सोडा हो. आपल्या मनाला आलं म्हणून, कुणाला कारण न देता, चार पैसे खर्च करता येतात की नाही, एवढाच माझा प्रश्न होता. इतकी वर्षं येत होते. नवरा घरी आला आणि यायचे बंद झाले. हे असंच चालू राहिलं तर उरलेला जन्म मी दारात हात पुढे करून काढणार, हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि त्याची मला खरोखर भीती वाटायला लागली होती.

पुढच्याच महिन्यात मी माहेरी निघाले. माहेर साताऱ्याच्या पलीकडं. ह्यांनी सोडायला हवं होतं, पण म्हणाले, "माजी सैनिकांची मीटिंग हाय गं, एसटीनं जा." गेले. कऱ्हाडच्या अलीकडं एका फाट्यावर गाडी थांबली. खिडकीतून सहज बघितलं, तर समोर हा एवढा मोठा फ्लेक्स. मधोमध एक पांढराशुभ्र खोंड, कपाळाला गुलाल, गळ्यात हार. वर लिहिलेलं, शर्यतीच्या मैदानात पहिला नंबर आल्याबद्दल मालकांचं हार्दिक अभिनंदन. खाली चार मालकांचे फोटो. तिघांनी काळे गॉगल घातलेले. चौथा आमचा, युनिफॉर्ममध्ये. तोही पेन्शनच्या कागदांसाठी मीच काढायला लावलेला फोटो.

मी मान खिडकीबाहेर काढून बघायला लागले तसा कंडक्टर म्हणाला, "मावशी, मान आत घ्या." घेतली. पहिल्यांदा मला हसूच आलं. एवढी वर्षं फौजेत नोकरी केलेला माणूस, सगळ्या गोष्टी गुपचूप केल्या आणि शेवटी रस्त्यावर बारा फुटांचा फोटो लावून घेतला. आमच्या भागात खोंड जिंकला की फ्लेक्स लागतोच, हे ह्यांच्या डोक्यातच आलं नाही. पण कऱ्हाड मागं पडलं तसं हसू ओसरलं. उंब्रज येईपर्यंत तळपायाची आग मस्तकात गेली होती. खोंड काय नारळाच्या भावात येतो? त्याचा खुराक, त्याला दूध, अंडी, बदाम. आणि मी पोळीवालीच्या पैशासाठी कारणं देत होते.

माहेरी मी कुणाला काही सांगितलं नाही. परत आले, स्वयंपाक केला, ताट वाढलं. हे दोन घास जेवले तेव्हा विचारलं, "खोंड बरा हाय न्हवं?"

ह्यांचा घास हातातच राहिला. "कुठला खोंड?"

"फाट्यावरचा. गुलाल लय शोभतोय त्याला."

मग हळूच म्हणाले, "एकट्याचा न्हाई गं. चौघांत हाय."

"मग तुमच्या वाट्याला काय आलंय? शिंगं का शेपूट?"

हे हसले नाहीत. मान खाली घालून सांगायला लागले. लहानपणी घरी बैल होते, वडिलांच्या मागं मैदानात जायचो, तिकडं बर्फात ड्यूटीवर उभा असताना डोळ्यांसमोर बैल पळायचे. एकदा तरी आपला खोंड पळावा असं लय वाटायचं. तुला सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस.

आता ह्यावर काय बोलायचं? मला त्या माणसाची माया आली, आणि त्याच क्षणी रागही दुप्पट झाला. मी म्हटलं, "आवं, मी नको म्हणाले असते का नसते, ती पुढची गोष्ट. तुमाला भीती वाटली माझ्या एका 'कशाला'ची. मी ते रोज खाती. नारळ आणायचा तर मी इचारायचं, आन् तुमी बैल आणला तरी इचारायचं न्हाई?"

मग मी बसमध्ये ठरवलेलं सगळं सांगून टाकलं. घरखर्चाचं खातं दोघांचं, कार्डं दोन, एक तुमाला, एक मला. आणि पेन्शन आली की त्यातून सारखी रक्कम दोघांनी उचलायची, आपापल्या वेगळ्या खात्यात. त्यातनं खोंडाला बदाम चारा नाहीतर नदीत सोडा. त्या पैशाला कुणी कुणाला कशाला म्हणायचं नाही.

"एका घरात दोन पाकिटं?" हे म्हणाले. "लोकं काय म्हणतील?"

"तुमी आसामला होता तवा किती पाकिटं होती?"

"ते येगळं."

"काय येगळं?"

ह्यावर हे रुसले. दोन दिवस नुसतं हूं आणि हां. तिसऱ्या दिवशी मी चप्पल घालून निघाले. हे म्हणाले, "कुठं?" मी म्हटलं, "फ्लेक्सवाल्याकडं. आपल्या दारावर लावायचाय. माझा फोटो, हातात नारळ, वर मोठ्या अक्षरात, नारळ खरेदी यशस्वीरीत्या पार पडल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. खाली शुभेच्छुक म्हणून तुमचं नाव."

मी हे करून दाखवीन, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पेपर तोंडापुढं धरून बसले होते, पण पेपर हलायला लागला. हसत होते. हसता हसता म्हणाले, "चल बाई. बँकेतच जाऊ."

बँकेतल्या मुलीनं फॉर्म भरता भरता विचारलं, "ताई, मोबाइल नंबर कोणाचा टाकू?" मी म्हटलं, "माझा." हे शेजारी उभे राहून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. नव्या कार्डाचं पाकीट हातात आलं तेव्हा मला एखादा किल्ला घेतल्यासारखं वाटलं. रस्त्यात मी स्वतःच्या पैशानं दोघांना भडंग घेतलं. ह्यांनी तोंड उघडलं, मी नुसतं बघितलं, ह्यांनी भडंग तोंडात टाकलं.

पहिल्याच महिन्यात मी ड्रायव्हिंग क्लास लावला. सकाळी मी बाहेर पडायचे तेव्हा हे दारात झाडांना पाणी घालत उभे असायचे. ओठांवर शब्द आलेला दिसायचा. गिळायचे. मला वाईटही वाटायचं आणि मजाही यायची. एल बोर्डाची गाडी चालवताना पहिले काही दिवस रिक्षा दिसली की मी ब्रेकच दाबायचे, शिकवणारा म्हणायचा, "काकू, रिक्षावाल्यांना घाबरू नका, ते तुम्हाला घाबरतायत." पुढं लायसन्स निघालं. आमची गाडी पहिल्यांदा मागं घेताना दारातल्या जास्वंदीची कुंडी उडवली. हे धावत आले, आधी गाडी बघितली, मग मला बघितलं, आणि कुंडीचे तुकडे गोळा करायला लागले. एक शब्द नाही. त्या दिवशी मला नवऱ्याचा खरंच अभिमान वाटला.

आणि मग आला तो रविवार. कऱ्हाडच्या पुढं मैदान होतं, आमचा खोंड पळणार होता. मी म्हटलं, मी नेते. हायवेनं मी गाडी चालवत होते आणि हे डावीकडं बसून प्रत्येक ट्रकला ब्रेक मारत होते, रिकाम्या जागेवर पाय दाबून. सुखरूप पोहोचलो. मैदानाच्या कडेला सावलीत गाडी लावली आणि मी स्टिअरिंगवरच बसून राहिले. धूळ उठली, माणसं उठली, आणि एका दमात आमचा खोंड सगळ्यांच्या पुढं. काय तो पळाला. मी हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. वर खिडकीतून डोकं बाहेर काढून एवढी ओरडले, की शेजारच्या जीपमधले लोक खोंड सोडून माझ्याकडंच बघायला लागले.

थोड्या वेळानं हे आले. डोकं, मिशा, शर्ट, सगळं गुलालानं लाल. खिडकीशी वाकले. मला वाटलं मिठाई घेऊन आलेत. पण हात रिकामे होते. घसा खाकरला, इकडं तिकडं बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं, परत मैदानाकडं बघितलं.

"जरा पैसे हायत का?" ते म्हणाले. "ह्या महिन्याचं माझं संपलं."

मी फोन काढला. "किती?"

त्यांनी आकडा सांगितला. मग घाईघाईनं, "त्याचं काय झालंय, हलगीवाल्यांना द्यायचंय, टेम्पोला पण, आन् आमच्यातला एक जण ऐन टायमाला..."

"मी इचारलंय का?"

ते थांबले. मी पैसे पाठवले, त्यांच्या खिशात फोन वाजला. तिकडं दोस्त हाका मारत होते, हलगी कडाडत होती. हे गेले नाहीत. खिडकीच्या काचेवर हात ठेवून तसेच उभे.

"मागायला लय अवघड जातं गं," ते म्हणाले. "त्या झाडापासनं हितंवर येईस्तवर पाय उचलंना." आणि मग माझ्याकडं न बघता, हळू आवाजात, "तू तर रोज मागायचीस."

मला बोलायची गरजच राहिली नव्हती. खोंड पहिला आला तेव्हा मी एवढी ओरडले होते, पण खरं सांगते, खरी जिंकले ती मी आत्ता.