मंत्रांची आठ पानं

“ही आठ पानं हिने करायची नाहीत.”

सरांनी माझ्या समोरच्या गठ्ठ्यातून पानं ओढून घेतली. पालघर जिल्हा वेगळा झाला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. डहाणू रोडला एका डीटीपीच्या दुकानात मी टायपिंग करायची. सर म्हणजे निवृत्त हेडमास्तर. लोकांकडे पूजा सांगायचे. त्यांचं पुस्तक आमच्याकडे आलं होतं. वैदिक मार्ग शुद्ध कसा आणि तांत्रिक मार्ग हीन कसा, यावर. महिनाभर मीच ते टाइप करत होते. “मुलीचं शुद्धलेखन चांगलं आहे हो,” असं दुकानाच्या मालकांना, शेठना, म्हणालेही होते.

त्या दिवशी त्यांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. आमच्या भागात आडनाव सांगितलं की जमात कळते.

“मंत्रांची पानं आहेत,” ते शेठना म्हणाले. माझ्याकडे बघितलंही नाही. “तुम्ही स्वतः करा.”

मी उरलेली पानं टाइप करायला घेतली. बी.ए. झालेली, आणि गप्प बसले.

शेठचा हात गुजरातीत चालायचा. ‘ह्रीं’ काही त्यांना जमेना. दोन दिवसांनी तीच पानं माझ्यासमोर ठेवून हळूच म्हणाले, “बेन, तू करून टाक. सरला बोलू नको.”

माझे हात त्यांना चालत होते. मी चालत नव्हते.

केलं. चोरी केल्यासारखं केलं. पूजेआधी स्वतःच्या अंगाला कुठे कुठे हात लावायचा, ते लिहिलं होतं. न्यास म्हणतात त्याला. छाती. डोकं. शेंडी. दोन्ही दंड. डोळे. शेवटी डोक्याभोवती हात फिरवून टाळी. ‘अस्त्राय फट्.’

माझी बोटं थांबली.

हे मी पाहिलेलं होतं. गंजाडला, माझ्या गावी, आमच्या ओटीवर. माझा बाप भगत. आजारी माणसाला हात लावायच्या आधी तो स्वतःचं अंग असंच बांधून घेतो. छाती, डोकं, खांदे. मग टाळी. शब्द वेगळे, भाषा वेगळी. दुकानात मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. मला लाज वाटायची.

पुढचं प्रकरण उघडलं. ‘तंत्र : अधोगतीची वाट’. त्यात एक फोटो. सुपातल्या तांदळात आजाराचं कारण बघत बसलेला माणूस. खाली ओळ : ‘अडाणी तांत्रिक, गंजाड परिसर’.

माझा बाप.

रविवारी घरी गेले. त्याला सांगितलं. त्याने फोटोखालची ओळ मला दोनदा सांगायला लावली. मग म्हणाला, “फोटो काढला तवा ते मास्तर बोलले, झाडपाल्याच्या औषधांवर लिवतो.” आणि थोड्या वेळाने, “मी भगत. तांत्रिक कोन?”

त्याच्याशी माझं भांडण आहे. माझी धाकटी बहीण तापात गेली, तेव्हा तो तांदूळ बघत बसला. दवाखान्यात न्यायला उशीर केला. मी ते विसरलेले नाही. पण ते भांडण माझं आहे. सरांच्या पुस्तकाला मी ते दिलेलं नाही.

सोमवारी सर प्रूफ बघायला आले.

“सर, ‘अस्त्राय फट्’ कुठल्या वेदात आहे?”

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “ती पानं तुला कोणी दिली?”

“कुठल्या वेदात, सर?”

“ते आगमातलं आहे. आपण शुद्ध करून घेतलेलं.”

“आगम म्हणजे तंत्रच ना?”

सरांनी प्रूफचं पान उलटलं. शेठ कॅल्क्युलेटर उगाच पुसत राहिले.

“तुम्ही केलं तर विधी. फोटोतल्या माणसानं केलं तर अधोगती?”

“तो कोंबडं कापतो!”

“तो माझा बाप आहे. तुम्ही त्याला खोटं सांगून फोटो काढलात.”

सर शेठकडे वळले. “हिला आवरा.”

“बेन, फोटो पानात टाक ना. कस्टमर आहे,” शेठ म्हणाले.

“नाही टाकणार.”

मी उठले. चपला घातल्या. कुणी थांबवलं नाही.

पुस्तक वापीला छापलं. फोटोसकट. तलासरीत एका ओळखीच्या घरी मी ते पाहिलं. तीच ओळ. आठ पानं मी केलेलीच, एक चूक नव्हती. तिथल्या गृहस्थांनी माझं ऐकून घेऊन मला गोडीनं समजावलं, “अहो ताई, वेद काय, तंत्र काय, शेवटी सगळं एकच.” एकच होतं तर पानं का ओढली? मला आता अशा गोडीचाही संशय येतो.

सध्या तलासरीला एका झेरॉक्सच्या दुकानात टाइप करते. समोर आलेलं मॅटर आधी सगळं वाचते. कुणी ‘शुद्ध’ लिहिलं असेल, तर कोणी केलं आणि कशातून केलं, ते त्याला तोंडावर विचारते. लोक चिडतात. मॅटर उचलून दुसरीकडे जातात.

जाऊ देत. आमच्याबद्दल लिहिलेलं एक अक्षरही यापुढे न विचारता माझ्या हातून छापलं जाणार नाही.